मापाचा कोट आणि त्याचें मोल

अमरसिंहानें आपल्या कोशांत शिंप्यास दोन नांवें दिलीं आहेत : एक सौचिक आणि दुसरें तुन्नवाय. सौचिक म्हणजे सुईवर उपजीविका करणारा, हें सांगावयास नकोच. तुन्नवाय हा शब्द मात्र क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. जें छेदलें गेलें आहे तें जो सांधून पुन्हा एक करितो, तो तुन्नवाय. पहिलें नांव हत्याराचें, दुसरें कर्तृत्वाचें. हल्लीं सूट शिवावयास निघालेला गृहस्थ ह्या दोहोंपैकीं एकाचीही चौकशी करीत नाहीं. तो दुकानाच्या पायरीवरूनच विचारतो, "केवढ्याला पडेल ?" प्रश्न गैर नाहीं, संसारी माणसानें तो विचारलाच पाहिजे. परंतु तोच पहिला आणि तोच शेवटचा प्रश्न असला म्हणजे उत्तरावरून कोटाची किंमत कळते, मोल कळत नाहीं. ह्या दोहोंतील अंतर कसें ओळखावें, हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

आमचें बिऱ्हाड घोडबंदर रस्त्यावर आहे. कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत ह्या रस्त्याच्या दुतर्फा उंचच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्या तळमजल्यावरील गाळ्यांत किराणा, औषधें, केशकर्तन ह्यांच्या जोडीला एखादा तरी टेलरमास्तर आपलें यंत्र मांडून बसलेला असतो. मोठ्या दुकानांच्या कांचांमागें तयार सूट टांगलेले असतात ते वेगळेच. लग्नसराई जवळ आली कीं "कापडासह सूट, चार दिवसांत" अशा पाट्या झळकूं लागतात. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं ह्या पाट्यांचा विचार करण्याचा प्रसंग आला. थोरल्या पुतण्याचें लग्न ठरलें होतें आणि धाकट्यास नुकतीच पदवी मिळून त्याच्या नोकरीच्या मुलाखती सुरू व्हावयाच्या होत्या. म्हणजे सूट दोन हवे होते, आणि खर्च आमच्या पेन्शनीवर व बंधूंच्या पगारावर चालणाऱ्या एकत्र कुटुंबाचा होता.

जेवणें आटोपल्यावर सभा बसली. धाकटे बंधू म्हणाले, तयार घ्यावे, कटकट नको. थोरला पुतण्या म्हणाला, "काका, लग्नाचा सूट भाड्यानें मिळतो. एका संध्याकाळसाठीं एवढे पैसे कशाला घालवायचे ?" सूनबाई अद्याप घरांत यावयाच्या होत्या, त्यामुळें त्यांचें मत कळण्यास मार्ग नव्हता. आमच्या सौभाग्यवती इतकेंच म्हणाल्या, "अहो, एकाचा कोट पुढें दुसऱ्याला होईल असें कांहीं करतां येईल का, तें पाहा." त्या बोलण्यांत जें शहाणपण होतें तें आम्हांस पुढें एका शिंप्यानें उलगडून दाखविलें.

त्यापूर्वीं एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कित्येक वृद्ध वाचक म्हणतील, हा साहेबी पोशाख आपल्या घरांत हवाच कशाला ? अंतरपाटाजवळ सोवळें आणि उपरणें हेंच खरें, ह्यांत आम्हांसही संशय नाहीं. तथापि कोट आपल्याकडे काल आलेला नाहीं. धोतरावर कोट आणि डोक्यास टोपी किंवा पगडी हा वेष आमच्या आजोबांच्या पिढीस परका नव्हता. संपूर्ण सूट ही त्यापुढची पायरी, आणि तिचा अर्थ केवळ नक्कल असा करणें अन्यायाचें होईल. गांधीजींनीं सप्टेंबर १९२१ मध्यें मदुरेस पंचा पत्करला आणि १९३१ सालीं लंडनच्या गोलमेज परिषदेस ते त्याच वेषांत गेले. त्याच परिषदेंत डॉ. आंबेडकर सुटांत बसले होते. ज्यास सर्व कांहीं मिळण्यासारखें होतें त्यानें तें सोडलें, ह्या त्यागाला तेज आहे. ज्यांच्या पूर्वजांस नीटनेटकें वस्त्र वापरण्याचीही मोकळीक नव्हती त्यांनीं तें ताठ मानेनें अंगावर घातलें, ह्या स्वीकारालाही तितकेंच तेज आहे. मुलाखतीच्या दाराशीं बसलेल्या मुलाचा कोट ह्या दोहोंइतका थोर नसेल; पण चारचौघांत आपण कमी दिसूं नये ही त्याची इच्छा योग्यच आहे. तेव्हां कोट हवा कीं नको हा वाद येथेंच पुरे करून चांगला कोणता, हें पाहूं.

ठाणेकरास तर ह्या विषयांत घरचा अभिमान असावा. आमच्या रस्त्याच्या शहराकडील टोकापासून फारसें दूर नाहीं अशा पोखरण रस्त्यावर १९२५ सालीं लोकरीच्या कापडाची एक गिरणी निघाली. आरंभीं तिच्यांत बहुतांशीं जाडींभरडीं कांबळीं निघत. पुढें तिला रेमंड हें नांव मिळालें, १९४४ मध्यें ती सिंघानिया घराण्याकडे आली, आणि तिच्या सुटाच्या कापडाचा लौकिक देशभर झाला. २००९ सालीं ठाण्यांतील ही गिरणी बंद झाली. त्या आवारांत आतां उंच निवासी इमारती दिसतात. ज्या गांवानें देशाला कोटाचें कापड पुरविलें, त्या गांवच्या माणसास तें चिमटींत धरून पारखतां येऊं नये, ही गोष्ट शोभणारी नाहीं.

शोध करतां करतां मानपाड्याच्या बाजूस एका वृद्ध शिंप्याचा गाळा सांपडला. त्यांस सर्वजण मास्तर म्हणतात, आम्हांसही म्हणतात. दोन मास्तर समोरासमोर बसल्यावर शिकविण्याची हौस कोणी आवरावी ? ह्या खेपेस विद्यार्थी होण्याची पाळी आमची होती.

पहिला धडा मापाचा. मापाचा कोट म्हणून जो विकतात तो दोन प्रकारचा असतो. एकांत कारखान्यांतील ठराविक पॅटर्न घेऊन तोच आपल्या छातीकमरेच्या मानानें थोडाफार वाढवितात किंवा घटवितात. दुसऱ्यांत आपल्याच शरीराचें माप घेऊन खडूनें नवी आंखणी करितात, आणि कच्च्या टांक्यांवर कोट अंगावर चढवून पाहतात. पहिला प्रकार वाईट असें नाहीं. सरळ बांध्याच्या माणसास तो छान बसतो आणि स्वस्तही पडतो. परंतु ज्याचा एक खांदा उतरता आहे किंवा पाठ किंचित् वांकलेली आहे, त्यास दुसराच हवा. दुकानदारास एवढेंच विचारावें, "कच्च्या शिलाईवर ट्रायल देतां का ?" "गरज नाहीं, बसेलच," असें तो म्हणाला तर त्याचा कोट हा तयार मालाचाच धाकटा भाऊ समजावा आणि किंमतही त्या मानानें द्यावी. ट्रायलच्या वेळीं आधीं मान आणि खांदा पाहावा. कॉलर मागें शर्टास लागून बसली पाहिजे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाशीं संपली पाहिजे. कंबर, बाही, पँटची लांबी ह्या गोष्टी मागाहून दुरुस्त होतात. खांदा चुकला तर कोट जवळजवळ नव्यानें शिवावा लागतो.

दुसरा धडा कोटाच्या पोटांतला. कोटाची छाती डौलानें उभी राहते ती अस्तराआड दडलेल्या एका थरामुळें. उत्तम कोटांत हा थर कॅनव्हसचा असून तो टांक्यांनीं सैलसर बसविलेला असतो, आणि त्या कॅनव्हसांत घोड्याचे केंस आडवे विणलेले असतात. एके काळीं ह्या बंदरीं अरबी घोडे उतरत, त्यावरून घोडबंदर हें नांव पडलें असें सांगतात. कोटांतला घोडा मात्र ह्या रस्त्यावरील किती जणांस ठाऊक असेल? स्वस्त कोटांत कॅनव्हसऐवजीं डिंक लावलेलें कापड उष्णतेनें चिकटवितात. त्यास फ्यूजिंग म्हणतात. हल्लींचें फ्यूजिंग पूर्वीपेक्षां पुष्कळ सुधारलें आहे. तथापि वारंवार होणारें ड्रायक्लीनिंग, इस्त्रीची वाफ आणि आपल्याकडील दमट पावसाळा ह्यांनीं हलक्या प्रतीचा डिंक सुटतो आणि छातीवर पापडासारखे फुगे येतात. आमच्या एका भाच्याचा कोट दुसऱ्याच पावसाळ्यांत असा फुगला, आणि ज्या दुकानांतून तो घेतला तेथें "आपण नीट वापरला नसेल," एवढें उत्तर मिळालें. ह्या दोहोंच्या मधला मार्गही आहे : छातीपुरता कॅनव्हस आणि खालीं फ्यूजिंग. मध्यम स्थितींतील कुटुंबांस आम्ही हाच सुचवूं. परीक्षा सोपी आहे. बटणाच्या काजाजवळ कोटाचें बाहेरचें व आंतलें कापड दोन चिमटींनीं अलग ओढावें. मध्यें तिसरा सुटा थर बोटांस लागला तर कॅनव्हस, न लागला तर डिंक. काजाच्या वर लागला आणि खालीं लागला नाहीं, तर कोट अर्ध्या कॅनव्हसचा.

तिसरा धडा कापडाचा. कापडाच्या काठावर 'सुपर १००', 'सुपर १२०' असे आंकडे असतात, आणि गिऱ्हाइकास वाटतें कीं आंकडा मोठा तितका कोट टिकाऊ. वस्तुतः हा आंकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें सुपर १०० कापडांतील तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनहून अधिक असतां कामा नये, आणि पुढें दर १० अंकांस ही मर्यादा अर्ध्या मायक्रॉननें उतरते. तंतू बारीक तितका स्पर्श मऊ, आणि सामान्यतः झीजही लवकर. नेहमीच्या वापरास सुपर १०० च्या आसपासचें कापड पुरे. पॉलिएस्टर-व्हिस्कोजचें कापड त्याहून स्वस्त. तें चुरगळत कमी, पण ठाण्याच्या उकाड्यांत जीव नकोसा करितें. मध्यम बांध्याच्या माणसाच्या कोट-पँटीस साठ इंची पन्ह्याचें सुमारें तीन ते सव्वातीन मीटर कापड लागतें. "अडीचांत बसवितों," असें जो म्हणेल तो काय वांचवितो, हें चौथ्या धड्यांत कळतें.

तो वांचवितो माया. शिवणीच्या आंत दुमडून ठेवलेलें जें जादा कापड, त्यास आपल्या शिवणकामांत माया म्हणतात. वेदान्त्यांनीं मायेस मिथ्या ठरविलें; शिंप्याची माया मात्र अगदीं सत्य आहे आणि बोटांनीं मोजतां येते. मास्तरांनीं आमच्यापुढें दोन कोट उलटे केले. एकाच्या पाठीच्या शिवणींत पाव इंचही कापड नव्हतें. देह आज आहे तसाच जन्मभर राहील अशा समजुतीनें तो शिवलेला होता. दुसऱ्याच्या त्याच शिवणींत इंचभर आणि बाहीच्या टोकास दोन इंच कापड दुमडलेलें होतें. मास्तर म्हणाले, "गुरुजी, हा कोट आज नवऱ्या मुलाचा. पांच वर्षांनीं त्याचें पोट सुटेल. मी नाहीं तर दुसरा कोणी ही शिवण उसवून सैल करील. पुढें धाकट्याला हवा झाला तर हीच पुन्हा आंत घेतां येईल. बाहेरून कोणाला दिसायचें नाहीं." आमच्या सौभाग्यवतींच्या प्रश्नाचें उत्तर तेथें होतें. आज उपयोगी न पडणारें, कोणास न दिसणारें, पण उद्यांच्या माणसासाठीं राखून ठेवलेलें जें कापड, त्यास माया हें नांव ज्या कोणीं दिलें त्यास भाषा आणि संसार ह्या दोहोंचेंही मर्म ठाऊक होतें.

आतां थोडें गणित. आंकडे केवळ उदाहरणाचे घेऊं. समजा, भाड्याचा सूट एका दिवसास २,५०० रुपयांस पडला. तयार, डिंकाचा सूट ६,००० रुपयांस घेतला, तो दहा वेळां अंगावर आला आणि फुगला. मापाचा, अर्ध्या कॅनव्हसचा व भरपूर मायेचा सूट कापडशिलाईसह १८,००० रुपयांस पडला, मधल्या दुरुस्तीस २,००० लागले, आणि दहा वर्षांत तो साठ वेळां वापरला गेला. तर पहिला दर वेळेस २,५०० रुपयांस, दुसरा ६०० रुपयांस आणि तिसरा सुमारें ३३३ रुपयांस पडतो. परंतु गणिताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याला उभ्या आयुष्यांत तीनच वेळां सूट घालावयाचा आहे, त्यानें अठरा हजारांचा कोट कपाटांत कसरीसाठीं ठेवूं नये; त्यास भाड्याचाच परवडेल. वस्तूचें मोल वापरणाऱ्याच्या दिनक्रमावरही अवलंबून असतें.

आणखी एक हिशेब पावतीवर लिहिलेला नसतो. चिकटविलेला कोट यंत्रांच्या साह्यानें झटपट उभा राहतो. कॅनव्हसाचे टांके हातानें घालणाऱ्यास दिवस मोजावे लागतात. त्या दिवसांची मजुरी शिलाईंत धरली नसेल, तर स्वस्ताई कोणाच्या पोटांतून निघते हें उघड आहे. पांढरपेशा घरांतील मंडळी कापडाच्या छापील किंमतीपुढें चकार शब्द काढीत नाहींत, आणि शिलाईच्या दोनशें रुपयांसाठीं मात्र अर्धा तास घासाघीस करितात. नामदेवरायांचें कुळ शिंप्याचें; त्यांचें नांव भक्तीनें घेणाऱ्या घरांनीं तरी शिंप्याच्या हातची मजुरी कापूं नये. मास्तरांचा मुलगा ह्या धंद्यांत नाहीं. तो एका कचेरींत संगणकावर बसतो. "माझ्यामागें हा गाळा बंद," असें ते अगदीं सहजपणें म्हणाले. आम्हांस तें सहजपणें ऐकतां आलें नाहीं. कोटांत माया कितीही राखली, तरी ती उसवून पुन्हा सांधणारा हात उरला नाहीं तर तिचा उपयोग काय ?

आमच्या घरचा निर्णय असा झाला. थोरल्यासाठीं गडद निळा, साधा, लग्नानंतर कचेरींतही चालेल असा सूट मास्तरांकडे शिवावयास टाकला. धाकट्यास घाई होती, म्हणून त्याच्यासाठीं खांद्यांत नीट बसणारा तयार कोट घेऊन त्याची कंबर व बाही मास्तरांकडूनच मापांत आणविली. त्या कोटांत तो दोन मुलाखती देऊन आला आहे. तिसरीचें बोलावणें आलें आहे. थोरल्याच्या कोटांतील माया धाकट्याच्या कामीं येईल कीं त्यापुढच्या पिढीच्या, हें आज कोणी सांगावें ?

वाचकांस विनंति एवढीच कीं, येत्या लग्नसराईंत सूट घेतांना कापडावरचें नांव वाचण्यापूर्वीं कोट एकदां उलटा करावा, शिवण बोटांत धरावी, आंत काय राखलें आहे तें पाहावें, आणि मग किंमत विचारावी. शिलाईचे पैसे मोजतांना मात्र हात आखडूं नये.