कुलपाचा लंबक

वाचकहो, आपल्या घरी अकरावी-बारावीचे अपत्य असेल, तर ‘ऑलिंपियाड’ हा शब्द आपल्या कानांवरून गेलाच असेल. जबलपूरच्या आमच्या विजय नगरात तो हल्ली दूधवाल्याच्या हाकेइतका परिचित झाला आहे. मात्र तो ऐकून बहुतेक पालकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती आणखी एक प्रवेश-परीक्षाच. आणि याच समजुतीविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

भौतिकशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९६७ साली वॉर्सा येथे अवघ्या पाच देशांत झाली. भारत तीत १९९८ पासून उतरतो. २०१५ साली तर यजमानपदाचा मान मुंबईला मिळाला. पहिली परीक्षा भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची संघटना घेते. पुढे दुसरी, आणि अखेर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिर. तेथून पाच जणांचा संघ परदेशी जातो.

या स्पर्धेचे मर्म तिच्या गुणांच्या वाटणीत आहे. पन्नासांपैकी वीस गुण प्रयोगाला! पाच तास उपकरणांसमोर बसावयाचे, स्वतः मोजमापे घ्यावयाची, आलेख काढावयाचा, आणि आपल्या मोजणीत चूक किती असू शकेल तेही लिहावयाचे. येथे पाठांतर काय कामाचे?

आमच्या शेजारची एक मुलगी गेल्या वर्षी, अकरावीत असताना, पहिल्या परीक्षेत निवडली गेली व दुसरीत मागे राहिली. तिच्या शाळेतील प्रयोगशाळा बहुधा बंदच असते. प्रयोगवह्या मुले एकमेकांच्या पाहून उतरवितात. (हा प्रकार आपल्यालाही अपरिचित नसावा.) तेव्हा तिने घरीच एक मीटर दोरीला कुलूप बांधून लंबक केला. एक आंदोलन मोजावे तर घड्याळ दाबण्यातच पाव सेकंद इकडेतिकडे होतो. म्हणून वीस आंदोलने मोजून तिने भागाकार केला. गुरुत्वत्वरण आले ९.६८. पुस्तकात ९.८! दुसरे मूल असते तर आकडा खोडून मोकळे झाले असते. ही दोन दिवस शोधीत राहिली, आणि तिला उमगले की, लांबी गाठीपर्यंत नव्हे, कुलपाच्या मध्यापर्यंत धरावयास हवी होती. तेवढा दीडेक सेंटिमीटर मिळविताच उत्तर जागेवर आले.

तिची आई मला म्हणाली, “काका, वर्षभर या नादात घालवलं, पदरात काय पडलं? यंदा बारावी आहे. शिकवणीचे पैसे भरले आहेत.” ही काळजी खोटी कशी म्हणावी? अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी ते कुलूप कोणी विचारणार नाही. तरीही मी त्यांना एवढेच सुचविले की, शिकवणीच्या तासांतून रविवारची सकाळ तेवढी तिला मोकळी ठेवावी, आणि शाळेत जाऊन प्रयोगशाळा कोणत्या दिवशी उघडी असते ते विचारावे. तुम्हीही आपापल्या शाळेत ते विचारावे, असे मला वाटते.

यंदाच्या परीक्षेसाठी नाव नोंदवावयाचे की नाही, हे त्या घरी अद्याप ठरलेले नाही.