बिनसीलची टाकी

इंजेक्शनचं द्रावण बनवणाऱ्या टाकीला जितकी भोकं कमी, तितकी रात्रीची झोप शांत. ढवळायला शाफ्ट आत न्यायचा म्हटलं की भोक आलं, भोकापाशी मेकॅनिकल सील आलं, आणि सील आज ना उद्या झिजणारच. वाळूजच्या कारखान्यात मी नवखी केमिस्ट म्हणून लागले तेव्हा आमच्या निर्जंतुक बॅचेस अशा घासणाऱ्या दोन चकत्यांच्या भरवशावर निघत. त्या चकत्या सांभाळायचे आमचे फिटर काका. नाव छापलेलं त्यांना खपणार नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते सील कधी जाणार ते सांगत. बहुतेकदा ते खरं निघे.

म्हणून मॅग्नेटिक मिक्सरची नवी टाकी आली तेव्हा काका तोंड फिरवतील असं सगळ्यांनी धरलं होतं. सीलच गेलं तर ओव्हरटाइम कसला? काका टाकीखाली आडवे झाले, बॅटरी मारून तळ न्याहाळला आणि म्हणाले, "ताई, हे आधीच यायला पायजे होतं."

कॉलेजात बीकरमध्ये पांढरी बीड गरगरताना मी पाहिली होती. तसल्या स्टररचं पेटंट आर्थर रोझिंजर यांना १९४४ साली अमेरिकेत मिळालं. आमच्या टाकीचं तत्त्व तेच, पण अंगापिंडाने थोर. तळाला स्टेनलेस स्टीलची बंद वाटी, आतल्या बाजूला उपडी, वेल्ड केलेली. खालून मोटर वाटीच्या पोटात चुंबकं फिरवते. वर वाटीवर टोपीसारखा बसलेला इम्पेलर, त्याच्याही पोटात चुंबकं, तो ओढीने मागोमाग फिरतो. मधलं ३१६ एल स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, म्हणून ओढ आरपार जाते. साधं निओडायमियम ८० अंशांच्या पुढे जोर हरवू लागतं आणि आमची वाफ १२१ अंशांची, म्हणून चुंबकं समेरियम-कोबाल्टची. द्रावण फार दाट झालं तर पकड सुटते. मोटर फिरत राहते, इम्पेलर जागच्या जागी थरथरतो. तेव्हा वेग वाढवून उपयोग नाही. मोटर थांबवायची आणि हळू सुरू करायची.

हे सगळं मॅन्युअलमध्ये होतं. मॅन्युअलमध्ये असूनही कोणी वाचत नाही ते काकांनी हाताने शिकवलं. इम्पेलर बसवताना बोटं खाली घालायची नाहीत. शेवटचं बोटभर अंतर राहिलं की तो झडप घालतो. आत जाण्याआधी कोणाच्या छातीत पेसमेकर आहे का ते विचारायचं, लाजायचं नाही. आणि इम्पेलर बुडाल्याशिवाय मोटर चालवायची नाही, कारण आतल्या सिलिकॉन कार्बाइडच्या बेअरिंगला वंगण असतं ते द्रावणाचंच.

या मिक्सरचं खरं सुख म्हणजे सुटे भाग. खालचा बेअरिंगचा खुंट आटे फिरवून निघतो, इम्पेलरमधली कडी निघते, एकाच मापाच्या दोन टाक्यांचे इम्पेलर आपसात बदलता येतात. खरेदी विभागाला यातून फक्त स्पेअर कमी लागतील एवढंच दिसलं. काका मात्र वही घेऊन बसले: कुठला इम्पेलर कुठल्या टाकीत, किती तास. "बसतंय म्हणून बसवायचं नाही," हे त्यांचं पालुपद.

एकदा बॅचच्या आधी नुसत्या पाण्यावर टाकी चालवताना किर्र आवाज आला. बाकीचे मोटरवर तुटून पडले. काकांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला: मोटर ठीक, आवाज आतला. उघडलं तर बेअरिंगच्या कडीचा टवका उडालेला. सिलिकॉन कार्बाइड झिजेला दाद देत नाही, पण असतं काचेसारखं ठिसूळ. नवी कडी कपाटात होती, लगेच बसली असती. काकांनी हात लावला नाही. आधी पांढरं कापड अंथरलं, पाणी गाळून काढलं आणि सापडतील ते तुकडे कापडावर जुन्या कडीच्या शेजारी जुळवत बसले. उत्पादनाचे साहेब दोनदा डोकावून गेले. काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, तुकडा इथं नसला तर तो कुठं असंल?" कडी पुरी वर्तुळ झाली तेव्हाच ते उठले. मग जुना खुंटही काढला, खरं तर तो दिसायला चांगला होता. नव्या कडीखाली झिजलेला खुंट ठेवला तर तो नवीलाही खातो, म्हणून जोडी एकदम बदलली.

पुढे या टाकीची कार्यपद्धती लिहायचं काम माझ्याकडे आलं. तुकडे जुळवण्याची पायरी, जोडी एकदम बदलण्याची पायरी, पेसमेकरचा प्रश्न, वहीतले रकाने, सगळं काकांचं. पण 'तयार करणार' या चौकटीत फिटरचं नाव घालायची सोय आमच्या पद्धतीत नव्हती, तिथे माझी सही आहे. बढती मला मिळाली तेव्हा साहेबांनी याच कागदाचं नाव घेतलं होतं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग पेढे आणा की."

काकांच्या निवृत्तीआधीच्या तपासणीत परीक्षकाने ती तुकड्यांची पायरी दोनदा वाचली आणि ती कोणाला सुचली ते विचारलं. मी काकांकडे बोट दाखवलं. त्याने काकांची प्रशिक्षणाची फाइल मागवली. त्यात मॅग्नेटिक मिक्सर हाताळण्याचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं एक प्रमाणपत्र होतं, आणि प्रशिक्षक म्हणून सही माझी होती.