उसाच्या तालुक्यातलं अर्थशास्त्र

माळशिरस तालुक्यात पोरगं इंजिनिअरिंगला गेलं की 'पुढं काय?' असं कुणी विचारत नाही. अर्थशास्त्रात बीए करणाऱ्या पोरीला मात्र हा प्रश्न प्रत्येक लग्नात विचारतात. विचारणारेच उत्तरही देऊन टाकतात: बीएड कर, नाहीतर एमपीएससीला बस.

माझी चुलतबहीण तीन वर्षं हे ऐकत सोलापूर विद्यापीठाची बीए झाली. आता ती एमएच्या प्रवेश परीक्षांची तयारी करतेय. तिला भारतीय आर्थिक सेवेत जायचंय. यूपीएससी या सेवेची परीक्षा वेगळी घेते, तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते आणि जागा देशभरात मोजक्याच निघतात. हे मी आप्पांना, म्हणजे तिच्या वडलांना सांगितलं. ते म्हणाले, "कलेक्टरपेक्षा मोठं का बारकं?"

खरं तर आप्पांइतकं अर्थशास्त्र आमच्या घरात कुणालाच येत नाही. ऊस घातल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज, हे १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशातलं त्यांना पाठ आहे. २०२५-२६ साठी केंद्रानं क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी जाहीर केली, ती १०.२५ टक्के उताऱ्याला. आपल्या उताऱ्याला किती बसेल, तोडणी-वाहतूक वजा जाता हातात काय राहील, हा हिशोब त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाकिटावर केला.

आमचा तालुका ज्या सहकारी कारखानदारीवर जगतो, तिच्या मुळाशीही एक अर्थशास्त्रज्ञ आहे. धनंजयराव गाडगीळ. विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनं त्यांनी प्रवरानगरचा कारखाना उभा केला, त्याचे पहिले अध्यक्षही तेच. पुण्यात १९३० साली सुरू झालेल्या गोखले इन्स्टिट्यूटचे ते पहिले संचालक. बहिणीला तिथंच एमए करायचंय.

अडचण गणिताची आहे. आमच्याकडे दहावीनंतर आर्ट्स घेतलं की गणित सुटतं ते कायमचं. बीएला मागणीचा नियम, त्याचे अपवाद, दहा मार्कांचं उत्तर. पण चांगल्या ठिकाणच्या एमए प्रवेशाला कलन, मॅट्रिक्स, संख्याशास्त्र विचारतात, तेही इंग्रजीत. अर्थशास्त्राचं दार गणितातून उघडतं, हे सोळाव्या वर्षी फॉर्म भरताना तिला कुणी सांगितलं नाही.

दहावीला गणितात तिला माझ्याहून जास्त मार्क होते. पण सायन्स म्हणजे अकलूजची रोजची एसटी आणि क्लासची फी. एकत्र घरात तेवढा पैसा एकाच पोरासाठी निघत होता आणि तोवर मी इंजिनिअरिंगला होतो. तिथं मी एम-वन, एम-टू, एम-थ्री पास झालो. नोकरीत त्यातलं एकही समीकरण मला आजवर लागलेलं नाही. तिला ती सगळी लागतायत.

म्हणून दर रविवारी मी व्हिडिओ कॉलवर तिला डेरिव्हेटिव्ह शिकवतो. सीमांत खर्च म्हणजे एकूण खर्चाचा डेरिव्हेटिव्ह, इथवर आलो तेव्हा ती थांबली. "दादा, ही व्याख्या मी सहा सेमिस्टर पाठ केली. आप्पा शेवटचं युरियाचं पोतं टाकायचं का नाही ठरवतात, ते हेच ना?"

हेच. मला ते कॉलेजात कधी दिसलं नव्हतं. मी फक्त गणितं सोडवत होतो.

आप्पांनी तिला एक वर्ष दिलंय. नाही जमलं तर सोलापुरातच एमए, आणि तोवर स्थळं बघणं थांबवायचं नाही, असं ठरलंय. तिला हा सौदा मान्य आहे, मला नाही. पण वर्ष तिचं आहे. गेल्या रविवारी कॉल चालू असताना आप्पा मागनं डोकावले. म्हणाले, "ते तुमचे गाडगीळ शिकवत होते का कारखाना चालवत होते?"

"दोन्ही," ती म्हणाली, आणि पुढचं गणित वाचायला लागली.