बारकाईने तपासा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गावच्या पेठेतून हिंडण्यात मोठी मौज असते. दुकानादुकानांतून लाल कापडाच्या नव्या चोपड्या पाटावर मांडलेल्या असतात, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक असते, आणि ‘शुभ’ व ‘लाभ’ हे दोघे सख्खे भाऊ दोन बाजूंना बसलेले असतात. हिशेबाच्या वहीला आपण देव मानतो. पण ज्या वहीला आज हळदकुंकू वाहायचे तिचीच उद्या धास्तीही वाटते. करखात्याचा लखोटा दारात आला की भल्या सात्त्विक गृहस्थाच्याही पोटात गोळा उठतो. त्याने काही लपविलेले असते असे नव्हे. पण पाच वर्षांपूर्वीची पावती कोणत्या डब्यात आहे हे छातीठोकपणे कोणाला सांगता येते?

मी पेशाने मास्तर. कादंबऱ्याही लिहितो, पण त्यांच्या मानधनाकडे सरकारने डोळे वटारून पाहावे अशी वेळ माझ्या प्रकाशकाने अजून माझ्यावर येऊ दिलेली नाही. तेव्हा या विषयात माझा अधिकार एवढाच की मी आजवर ढिगांनी पेपर तपासले आहेत.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शाळेत होतो. नगरपालिकेची निवडणूक नुकतीच झाली होती, आणि आमच्या शाळेचे एक चालक तीत पडले होते. ज्यांनी त्यांना पाडले त्यांचा मुलगा माझ्या वर्गात. वार्षिक परीक्षेच्या सुमारास चालक घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, “मास्तर, त्या पोराचा पेपर जरा बारकाईने तपासा. खोटे काही करू नका हो. फक्त बारकाईने.”

मी म्हटले, “तपासतो की. पण मग बासष्टच्या बासष्ट पेपर त्याच बारकाईने तपासतो.”

ते क्षणभर गप्प झाले. त्यांचा पुतण्याही त्याच वर्गात होता. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढच्या जूनमध्ये मला गळक्या कौलांखालचा वर्ग मिळाला, एवढेच.

त्या ‘फक्त बारकाईने’ या दोन शब्दांचा मी नंतर खूप विचार केला. बारकाईने तपासणे हा काही गुन्हा नव्हे. प्रत्येक तांबडी रेघ खरी असू शकते. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ पडला असेल तर तो पडलेलाच असतो. अन्याय रेघेत नसतो, पेपर निवडण्यात असतो. आणि निवड कोणी केली हे उत्तरपत्रिकेवर कोठेच लिहिलेले नसते.

असाच एक बारकाईने तपासलेला पेपर अमेरिकेच्या इतिहासात आहे. १९५५ च्या डिसेंबरात अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरी कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला आणि तो ३८१ दिवस चालविला. त्यांचा पुढारी होता सव्वीस वर्षांचा एक पाद्री, मार्टिन ल्यूथर किंग. त्याच्या घरावर बाँब टाकून झाला, त्याला अटक करून झाली; तो नमला नाही. हेच किंग १९५९ साली गांधीजींची भूमी पाहायला आपल्याकडे आले होते आणि मुंबईच्या मणिभवनात राहून गेले होते. परत गेल्यावर वर्ष झाले नाही तोच, १९६० च्या फेब्रुवारीत, त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी आरोप होता १९५६ आणि १९५८ या सालांच्या करपत्रकांवर शपथेवर खोटी सही केल्याचा. अलाबामात या कलमाखाली खटला भरला गेलेला हा पहिलाच माणूस. बाकी साऱ्या राज्यात तेवढी वर्षे सगळ्यांचे हिशेब चोख होते म्हणायचे!

बाँबला न भ्यालेला हा माणूस या आरोपाने मात्र आतून खचला. ते साहजिकच होते. तुरुंगात जाणारा पुढारी लोकांना पूज्य वाटतो; पण चळवळीच्या पैशाला हात लावणारा? लोक आता आपल्याला काय म्हणतील या विचाराने ठरलेल्या व्याख्यानाला जाणेही त्यांना नकोसे झाले होते. या शस्त्राची धार ही अशी असते. ते रक्त काढीत नाही, अब्रू काढते.

१९६० च्या मे महिन्यात खटला उभा राहिला. ज्यूरीत बाराच्या बारा गोरे पुरुष. निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण उलटतपासणीत खुद्द सरकारी हिशेबतपासनिसाने कबूल केले, की फसवणुकीचा पुरावा आपल्याला आढळला नाही असे आपणच किंग यांना सांगितले होते. आणि २८ मे रोजी त्या बारा गोऱ्यांनी किंग यांना निर्दोष ठरविले.

सत्ता कोणाची असते याला महत्त्व नाही. केनेडींच्या कारकिर्दीत उजव्या संस्था वेचून तपासल्या गेल्या, निक्सन यांच्या कारकिर्दीत डाव्या. आपल्याकडेही छापा पडला की सत्तेवरचे म्हणतात ‘कायदा’ आणि विरोधातले म्हणतात ‘सूड’. निवडणुकीनंतर खुर्च्या बदलल्या की तेच संवाद पात्रे बदलून पुन्हा ऐकू येतात. छापा योग्य होता की नव्हता हे आपल्याला घरी बसून कळत नाही. विचारण्यासारखा प्रश्न एकच: उरलेले एकसष्ट पेपर कोणी पाहिले का?

पण हा प्रश्न आधी विचारायचा कोणी? तो टेबलामागच्या माणसानेच विचारावा लागतो. निक्सन यांचेच उदाहरण घ्या. १९७२ साली अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. ११ सप्टेंबरला निक्सन यांचे कायदेविषयक सल्लागार जॉन डीन यांनी करखात्याचे प्रमुख जॉनी वॉल्टर्स यांच्या हाती एक यादी ठेवली. प्रतिस्पर्धी उमेदवार मॅकगव्हर्न यांचे कार्यकर्ते आणि देणगीदार अशी सुमारे ४९० नावे तीत होती. यांचे हिशेब तपासा, म्हणजे झाले. वॉल्टर्स यांच्या आधीचे प्रमुख असल्या कामाला राजी नव्हते म्हणून १९७१ साली घरी गेले होते, हे त्यांना ठाऊक होते. ते यादी घेऊन अर्थमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांच्याकडे गेले. शुल्ट्झ म्हणाले, काही करू नका. वॉल्टर्स यांनी यादी लखोट्यात बंद केली, तिजोरीत ठेवली, कुलूप लावले. पुढे १९७३ साली ती त्यांनी काँग्रेसच्या चौकशी समितीच्या स्वाधीन केली. १९७४ च्या जुलैत निक्सन यांच्यावर ठेवलेल्या महाभियोगाच्या दुसऱ्या आरोपपत्रात करखात्याच्या या गैरवापराचे कलम सर्वांत आधी होते.

हे सारे कागदोपत्री नोंदलेले आहे. मला कादंबरीकाराला कुतूहल आहे ते न नोंदलेल्या गोष्टीचे. त्या दिवशी तिजोरीला कुलूप लावून वॉल्टर्स घरी गेले असतील. त्यांचा चेहरा पाहून बायकोने विचारले असेल, “आज कचेरीत काय झाले?” मनात नोकरीची धाकधूक असेल, महिन्याच्या खर्चाचा आकडा असेल. टोपी खुंटीला अडकवीत ते म्हणाले असतील, “काही नाही.”