वजनावर पैठणी

साडीच्या दुकानात नवऱ्याची जागा ठरलेली असते. एक स्टूल, एक कप चहा आणि शेवटी बिल. प्रभादेवीला राहत असल्यामुळे दादर-हिंदमाताकडच्या बहुतेक स्टुलांना माझं वजन पाठ आहे.

परवा शिर्डीहून मनमाडला गाडी पकडायला निघालो. वाटेत येवलं लागतं. लागतं म्हणजे, सौभाग्यवती बरोबर असल्या की लागतंच. शिर्डीच्या भाविकांच्या मोटारी हल्ली इथल्या पैठणीच्या दुकानांपुढे ओळीनं उभ्या असतात. बाबांचं दर्शन घाईत, पैठणीचं सावकाश.

दुकान तीन पिढ्यांचं. इथे स्टूल नव्हतं, पांढरीशुभ्र गादी होती. तेव्हाच मी बिलाचा अंदाज बांधला.

मालक सांगू लागले. रेशीम बंगळूरकडचं, जर सुरतेची, नाव पैठणचं आणि हात येवल्याचा. २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मी पदर उजेडाकडे धरला.

"साहेब, नोट नाही ती," मालक म्हणाले. "उलटी करून बघा."

केली. मागेही तसाच मोर, तशीच मुनिया; कुठे धागा लोंबत नव्हता. हातमागाची खूण हीच म्हणे. यंत्रमागाच्या साडीची पाठ बघितली की आमच्या बँकेचं जुनं लेजर आठवतं.

किंमत ऐकून मी चहा खाली ठेवला. एवढ्या रकमेला आमच्याकडे दोन जामीनदार लागतात.

आई इतका वेळ गप्प होती. तिच्या आईची पैठणी होती तिच्याकडे, खऱ्या जरीची. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, वडील घरी बसले. मी दोन वर्षांचा. काही महिन्यांनी चाळीत जुनी जर घेणारा आला आणि त्या पैशांत रेशन भरलं. वडिलांनी जन्मभर कापडच विणलं, पण ती साडी काही परत आली नाही. आई तक्रार करत नाही. एवढंच म्हणते, "मेल्यानं मोर बघितलेसुद्धा नाहीत रे. तागडीत टाकली."

आता तिनं समोरची हिरवी पैठणी उचलली, उलटी केली, मोरावरून बोट फिरवलं आणि मालकांना विचारलं, "वजन किती भरेल हिचं?"

मालक गोंधळले. "आजी, पैठणी वजनावर नसते हो!"

"नसते ना?" आई म्हणाली. "मग द्या बांधून."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची स्वतःची अजून निवडायची होती. मी दुसरा चहा मागवला.