कोपऱ्यातलं झाड

पडदा वर जातो तेव्हा ते हमालाबरोबर घरात येतं. पुढे नोरा, गुणगुणत, हातात पुडकी. मागे हमाल, नाताळचं झाड आणि टोपली. आल्या आल्या नोरा मोलकरणीला बजावते, की झाड नीट लपव, संध्याकाळी सजवून होईपर्यंत पोरांच्या नजरेला पडता कामा नये. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'मधलं पहिलं वाक्य हे असं लपवण्याचं आहे. पुढे या घरात बरंच काही लपवलेलं निघतं. बदामाच्या मॅकरूनपासून कर्जापर्यंत. पण पहिला मान झाडाचा. त्याची हमाली होते पन्नास ओरे, म्हणजे अर्धा क्रोन. नोरा अख्खा क्रोन देते आणि उरलेले राहू दे म्हणते.

पात्रांच्या यादीत त्याचं नाव नाही. मी मात्र त्याला पात्रच समजत आलो आहे.

नाताळात घडणारी नाटकं मला एरवीही आवडतात. ॲलन एकबोर्नच्या 'ॲब्सर्ड पर्सन सिंग्युलर'मध्ये (१९७२) तीन वर्षांचे तीन नाताळ तीन स्वयंपाकघरांत घडतात. थॉर्नटन वाइल्डरच्या 'द लाँग ख्रिसमस डिनर'मध्ये (१९३१) एकाच जेवणाच्या टेबलावर नव्वद वर्षं सरतात. तिथे सण आपल्यासमोर होतो. इब्सेन तो दाखवतच नाही. पहिला अंक नाताळच्या आदल्या दिवशी, दुसरा नाताळच्या दिवशी. मेणबत्त्या पेटल्या, पोरं नाचली, ती संध्याकाळ मधल्या वेळात होऊन जाते. आपण बाहेर चहा आणि बटाटेवडा घेत असतो तेव्हा.

स्वभावाने हे झाड पोटात ठेवणारं. आठ वर्षांच्या संसारात नोराने एक मोठा उद्योग केलेला असतो. आजारी नवऱ्याला, हेल्मरला, इटलीला नेण्यासाठी तिने बाराशे स्पेसीडालर, म्हणजे नव्या चलनात ४८०० क्रोन, कर्ज काढलं आणि जामीन म्हणून बापाची सही स्वतःच ठोकली. सहीखाली तारीख २ ऑक्टोबर. बाप वारला २९ सप्टेंबरला. तिच्या भाबडेपणाचा याहून चोख पुरावा नाटकात नाही. हप्ते फेडायला ती चोरून नकलाकामं करते. गेल्या नाताळाआधी तीन आठवडे ती संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत दार लावून बसली होती. नवऱ्याला सांगितलं, झाडासाठी फुलं करतेय. फुलं काही दिसली नाहीत, तेव्हा आळ मांजरावर: आत शिरलं आणि सगळं फाडून टाकलं! हेल्मरला त्या दिवसांचं आठवतं ते एवढंच, की आपल्याला फार कंटाळा आला होता. गेल्या वर्षीच्या झाडाने खोटी साक्ष दिली ती अशी, न बोलता. यंदाच्या झाडाकडे तिने तिजोरीचं काम सोपवायचं ठरवलं आहे: भेट म्हणून पैसेच द्या, सोनेरी कागदात गुंडाळून झाडाला टांगीन, असं ती नवऱ्याला लाडात सुचवते.

झाड म्हणजे नोराच, असं समीक्षक म्हणतात. दोघंही दुसऱ्यांसाठी नटलेली वगैरे. परीक्षेत लिहायला बरं आहे. मला ते तिचं साथीदार वाटतं. कर्ज देणारा क्रोगस्टाड खोट्या सहीवरून धमकावून जातो, आणि ती मोलकरणीला सांगून झाड खोलीच्या मधोमध आणवते. इथे मेणबत्ती, इथे फुलं. हात झाडात, मन तुरुंगात. तेवढ्यात हेल्मर येतो आणि खोट्या सहीने घरातली हवा कशी नासते, पोरं कशी बिघडतात, यावर व्याख्यान झोडतो. व्याख्यानाला तोंड फुटायच्या आधीच ही मध्येच लाल फुलं किती छान दिसतायत म्हणते. नोरा करणाऱ्या नटीची परीक्षा ती शेवटी घर सोडून जाते त्या दारापाशी नाही, या झाडापाशी आहे, असं माझं मत आहे.

दुसऱ्या अंकाला ते पियानोजवळच्या कोपऱ्यात ढकललेलं असतं. ओरबाडलेलं, विस्कटलेलं, फांद्यांवर जळून उरलेली मेणबत्त्यांची थोटकं. रंगसूचनेत हे इब्सेनने स्वतः लिहून ठेवलं आहे. नाटकाचा बराचसा भाग त्याने १८७९च्या उन्हाळ्यात इटलीतल्या अमाल्फीला बसून लिहिला. पहिला प्रयोग कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात २१ डिसेंबरला, नाताळ चार दिवसांवर असताना. त्या प्रेक्षकांना हे कोपऱ्यातलं झाड काय दिसलं असेल! त्यांच्या स्वतःच्या घरचं अजून सजायचं होतं.

या थोटकांशी माझं वैयक्तिक भांडण आहे. कॉलेज संपल्यावर आमच्या हौशी मंडळींनी हे नाटक केलं. अनंत काणेकरांचं 'घरकुल' हे याच नाटकाचं मराठी रूप, पण आमच्या दिग्दर्शकाला नॉर्वेच हवं होतं, झाडासकट. फरचं झाड आणणार कुठून? सुरूची मोठी फांदी आणली आणि रॉकेलच्या डब्यात वाळू भरून उभी केली. मला रंगमंचावर पाऊल टाकायचं नव्हतं, झाड माझ्याकडे. मध्यंतराच्या दहा मिनिटांत ते कोपऱ्यात न्यायचं, सजावट उतरवायची, फांद्या मोडायच्या, मेणबत्त्या काढून थोटकं लावायची. पहिल्याच प्रयोगात थोटकांची पिशवी घरी राहिली. झाड तसंच, नव्या नवरीसारखं, कोपऱ्यात उभं राहिलं. प्रेक्षकांत कुणाच्या लक्षात आलं नाही. दिग्दर्शकाच्याही नाही. पण दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला नोरा खोलीत एकटीच असते, नुसत्या येरझारा घालते. आमची नोरा नंतर विंगेत आली ती रडकुंडीला येऊन. म्हणाली, "त्या झाडाकडे बघून मला काही सुचेनाच. काल रात्री या घरात काही झालंय असं वाटायला नको?"

पुढच्या प्रयोगांना थोटकं मी खिशात घेऊन फिरत होतो.

तिसऱ्या अंकाच्या रंगसूचनेत टेबल मधोमध येतं, वरच्या मजल्यावरून नाचाचं संगीत येतं. झाडाचा उल्लेख नाही. दार लावून गेलेल्या नोराचं पुढे काय झालं, यावर चिनी लेखक लू शुनने १९२३ साली बीजिंगमध्ये व्याख्यान दिलं. झाडाचं कुणी विचारत नाही. आमचं शेवटच्या प्रयोगानंतर हॉलच्या वॉचमनने मागून घेतलं आणि सकाळी बंबात घातलं. सुरू अजून ओला होता, धूर फार झाला, असं तो डबा परत करताना म्हणाला.