पत्ता : आंबिवली

‘राहतेस कुठे?’ ‘आंबिवली.’ पुढचा प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे ती इराणी वस्ती?’ हो, तीच! बाइकवरून मागून येऊन सोनसाखळी खेचली जाते ठाण्यात, पुण्यात. बातमीत गाव मात्र आमचं, कारण पोलिस आरोपीला शोधत इथे येतात. डिसेंबर २०२४ मध्ये अंधेरीहून आलेल्या पथकावर तर आंबिवली स्टेशनातच दगडफेक झाली.

आई मंगळसूत्र पदराखाली लपवते ते ठाण्याला जाताना, इथे नाही. मीही इथे बिनधास्त फिरते. परवा मात्र रात्री रिकाम्या रस्त्यावर मागून बाइक आली आणि हात आपोआप गळ्याशी गेला. बाइकवर माझ्या शाळेतला मित्र, वस्तीतलाच. गाडी जरा लांबच थांबवून त्याने विचारलं, ‘घरी सोडू?’

मी नको म्हटलं. घर अजून पंधरा मिनिटं लांब होतं.